जुन्या अलंकाराचा कारागीर कसा शोधावा?
हैदराबादच्या जडजवाहिरांवरून एक अभ्यासपाठ

हैदराबाद शहरात, आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचा भाग असलेल्या मराठवाड्यात, इंग्रजी अमदानीतील दागिने सांभाळून ठेवलेली घराणी आजही पुष्कळ आहेत. कोणाकडे मोत्यांचा सातलडा असतो, कोणाकडे जडावाची चिंचपेटी, तर कोणाकडे इंग्रजी घाटाचा ब्रोच. अशा दागिन्याचे वजन घरात सर्वांना पाठ असते. त्याचा कस सराफ सांगतो. परंतु तो घडविला कोणी, असे विचारले तर बहुधा उत्तर मिळत नाही.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. कारागीर अज्ञात असला की दागिन्याची किंमत धातूच्या वजनावर येऊन ठरते. सराफ मोड घेताना घडणावळ हिशेबात धरीत नाही, आणि शंभर-सव्वाशे वर्षांची कारागिरी एका दुपारी मुशीत जाते. दागिन्याबरोबर त्याच्या घडणीत साठलेला पुरावाही वितळतो. तो पुन्हा मिळविता येत नाही. म्हणून कारागिराचा शोध कसा घ्यावा, त्यात कोठे फसगत होते आणि किती निष्कर्ष काढणे रास्त ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी हैदराबादइतके सोयीचे दुसरे क्षेत्र क्वचितच सापडेल. कारण देशी जडावकाम आणि विलायती पेढ्यांचे काम ही दोन्ही या एकाच दरबारात एकत्र आली.

नाव उरते ते कागदामुळे

निजाम घराण्याच्या जवाहिरांची व्यवस्था पाहण्यासाठी सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी १९५१ व १९५२ साली विश्वस्त निधी स्थापन केले. त्या संग्रहातील १७३ नगांची खरेदी भारत सरकारने १९९५ मध्ये २१८ कोटी रुपयांस केली. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात आणि दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्यांची प्रदर्शने भरली असून सहस्रावधी लोकांनी हे अलंकार प्रत्यक्ष पाहिले आहेत.

या संग्रहातील सर्वांत प्रसिद्ध रत्न म्हणजे १८४.७५ कॅरट वजनाचा ‘जेकब’ हिरा. हैदराबादचा हिरा म्हटला की तो गोवळकोंड्याच्याच खाणीतला असणार, असा सर्वसाधारण समज आहे. हा हिरा मात्र दक्षिण आफ्रिकेतला. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात तो कच्च्या स्थितीत युरोपात पोहोचला, तेव्हा त्याचे वजन चारशे कॅरटहून अधिक होते. अ‍ॅमस्टरडॅम येथे जाक मेट्झ यांच्या कारखान्यात बारेंड्स नावाच्या कारागिराने त्याला पैलू पाडले आणि त्या कामाला १८८७ च्या एप्रिलमध्ये आरंभ झाला. पुढे सिमल्याचे जवाहिर-व्यापारी अलेक्झांडर माल्कम जेकब यांनी तो १८९१ साली सहावे निजाम मीर महबूब अली खान यांना विकण्याचा व्यवहार केला. व्यवहार फिसकटला, प्रकरण कलकत्त्याच्या उच्च न्यायालयात गेले आणि जेकब निर्दोष सुटले. हिरा अखेर निजामाकडेच राहिला.

या हकिकतीतून अभ्यासकाने घ्यावयाचा धडा असा की हिऱ्याला नाव मिळाले ते विकणाऱ्याचे, पैलू पाडणाऱ्याचे नव्हे. तरीही पैलू पाडणाऱ्याचे नाव टिकले. कारण ते काम वृत्तपत्रांनी व रत्नशास्त्राच्या लेखकांनी नोंदविले होते. पुढच्या व्यवहाराचा तपशील टिकला. कारण तो न्यायालयाच्या कागदपत्रांत गेला.

दुसरे उदाहरण १९४७ चे. इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथ यांच्या विवाहानिमित्त मीर उस्मान अली खान यांनी लंडनच्या कार्टिये पेढीला कळविले की, राजकन्येने स्वतः दागिने पसंत करावेत व ते निजामाची भेट म्हणून द्यावेत. राजकन्येने हिऱ्यांचा एक शिरोभूषणाचा नग व एक हार निवडला. हा हार ‘हैदराबादच्या निजामाचा हार’ या नावाने ओळखला जातो; परंतु तो निजामासाठी घडविलेला नव्हता. १९३५ साली तो तयार झाला, १९३६ मध्ये विकला गेला आणि पुढील वर्षी पेढीकडे परत आला. पेढीने आपली दप्तरे जपून ठेवल्यामुळे एवढा तपशील सांगता येतो. शिरोभूषण १९७३ साली मोडले गेले आणि त्यातील हिरे गॅरार्ड पेढीने घडविलेल्या नव्या शिरोभूषणात बसविले. म्हणजे त्या दुसऱ्या दागिन्यात हिरे एका पेढीने निवडलेले आणि घडण दुसऱ्या पेढीची, अशी स्थिती झाली.

याच्या उलट, हैदराबादच्या चिंताक, जुगनी, कर्णफूल, पायजेब यांसारख्या अलंकारांवर कारागिराचे नाव कोरण्याची रीत नव्हती. ते काम कमी दर्जाचे होते असे नाही. मालक कारागिराला प्रत्यक्ष ओळखत असे. तेथे नाव कोरण्याचे प्रयोजनच नव्हते. ओळखणारी पिढी गेली आणि नावही गेले.

‘घडविणारा’ म्हणजे नेमका कोण?

शोध सुरू करण्यापूर्वी हा शब्द नीट समजून घेतला पाहिजे. जडावाचा एक हार अनेक हातांतून जातो. सोनार साचा घडवितो. जडिया कोंदण करून रत्ने बसवितो. मागील बाजूस मीनाकार मिन्याचे रंग भरतो. पटवेकरी मोती ओवून गोंडे बांधतो. आणि या सर्वांकडून काम करवून घेणारा जवाहिऱ्या मालाची विक्री करतो. विलायती पेढीतही चित्रकार, घडणारा, जडविणारा आणि झिलई देणारा हे निरनिराळे असत. दागिन्यावर नाव असलेच, तर ते बहुतेक वेळा पेढीचे असते.

सालारजंग संग्रहालयातील वाद्यघड्याळ वाचकांपैकी अनेकांनी पाहिले असेल. तासाला लहानसा पुतळा बाहेर येऊन घंटा वाजवितो आणि तो पाहण्यासाठी गर्दी जमते. हे घड्याळ कलकत्त्याच्या कुक अँड केल्व्ही या पेढीचे म्हणून ओळखले जाते. त्याचे भाग मात्र इंग्लंडातून आले आणि कलकत्त्यात जोडले गेले. हीच पेढी दागिने व चांदीची भांडीही विकीत असे. घड्याळाच्या बाबतीत जे खरे, ते दागिन्याच्या बाबतीतही लक्षात ठेवावे: नाव विक्रेत्याचे, घडण दुसऱ्याची, जोडणी तिसऱ्याची असू शकते.

म्हणून पहिला प्रश्न ‘कोणी घडविला?’ असा न ठेवता ‘रत्नांना पैलू कोणी पाडले, ती कोणी बसविली, कोणी विकला आणि नंतर कोणी दुरुस्त केला?’ असे चार प्रश्न करावेत. बहुतेक दागिन्यांच्या बाबतीत यांपैकी एक-दोन प्रश्नांची उत्तरे मिळतात. तीही मोलाची असतात.

शिक्के व खुणा

प्रथम दागिन्यावरील खुणा पाहाव्यात. दहापट मोठे दिसणारे भिंग पुरेसे असते. फाशाची जीभ, कडीची आतली कड, पिनेची दांडी, अंगठीच्या वेढ्याची आतली बाजू आणि कर्णभूषणाची फिरकी या जागा बारकाईने तपासाव्यात.

इंग्लंडात शुद्धतेची सरकारमान्य छाप मारण्याची पद्धत जुनी आहे. बिबट्याचे मुख ही लंडनच्या परीक्षण-कचेरीची खूण, नांगर ही बर्मिंगहॅमची, तर गव्हाच्या तीन पेंढ्या ही चेस्टरची. चालता सिंह हे ९२.५ टक्के शुद्ध चांदीचे चिन्ह होय. याशिवाय वर्षदर्शक अक्षर आणि पेढीची आद्याक्षरे असतात. १५ कॅरटचे सोने इंग्लंडात १८५४ पासून १९३२ पर्यंत अधिकृत होते. त्यामुळे ब्रोचवर त्या प्रतीची इंग्रजी छाप असेल, तर छाप मारल्याचा काळ या दोन वर्षांच्या मध्ये येतो. फ्रान्समध्ये १८३८ पासून १८ कॅरट सोन्यावर गरुडाच्या मुखाची छाप दिसते आणि कारागिराची आद्याक्षरे चौकटीच्या आकाराच्या ठशात असतात. लहान व रत्नजडित नगांना इंग्लंडात बऱ्याच काळपर्यंत सवलत होती. म्हणून छाप नाही, एवढ्यावरून दागिना विलायती नव्हे असे ठरवू नये.

हिंदुस्थानात इंग्रजी अमदानीत अशी सक्तीची पद्धत नव्हती. पेढ्या आपापले ठसे मारीत. कलकत्त्याच्या हॅमिल्टन पेढीच्या आद्याक्षरांसोबत हत्तीची आकृती आढळते. इंग्रजी छापेची आठवण व्हावी अशी तिची मांडणी असली, तरी ती सरकारी हमी नव्हे. मद्रासच्या माउंट रोडवरील पी. ऑर अँड सन्स ही पेढी देवदेवतांच्या उठावाच्या ‘स्वामी’ घाटासाठी प्रसिद्ध होती. वस्तूचा आकार युरोपीय गिऱ्हाईकाच्या पसंतीचा, ठसा इंग्रज पेढीचा आणि उठावाचे काम दक्षिणी कारागिरांचे, असा तो मेळ होता. स्वतःच्या नावाची मोहोर उमटविणारे देशी कारागीर थोडे. त्यांत कच्छ-भूजचे उमरसी मावजी हे ठळक नाव होय. ‘ओ. एम.’ आणि ‘भूज’ ही त्यांच्या चांदीकामावरील इंग्रजी अक्षरे आज जगभरच्या संग्राहकांना परिचित आहेत.

दागिन्याची मूळ डबी उपलब्ध असल्यास झाकणाच्या आतील रेशमी अस्तरावर पेढीचे नाव व पत्ता छापलेला असतो. डबीतील खळगा दागिन्याच्या आकाराशी नेमका जुळतो का, हे आधी पाहावे. न जुळल्यास डबी दुसऱ्या नगाची समजावी.

घडणीची साक्ष

खुणा नसतील तेव्हा घडणच वाचावी लागते. देशी जडावात कोंदणाचे शुद्ध, मऊ सोने रत्नाभोवती दाबून बसवितात. रत्नाखाली चकाकीसाठी डाक ठेवतात आणि आतील पोकळीत लाख भरतात. त्यामुळे मागील बाजू बंद असते व तिच्यावर मिना करता येतो. युरोपीय पद्धतीत रत्न धातूच्या चिमटेवजा नखांनी धरतात आणि प्रकाश यावा म्हणून मागील बाजू मोकळी ठेवतात. दागिना पालथा करून पाहणे ही परीक्षेची पहिली पायरी होय.

तथापि एवढ्यावर थांबणे धोक्याचे. इंग्रजी पेढ्या देशी कारागीर कामाला ठेवीत आणि देशी सोनार लवकरच नखांची जडण शिकले. साहजिकच पद्धत युरोपीय असली तरी हात हैदराबादचा असू शकतो.

काही गोष्टी मात्र काळाची एक सीमा निश्चित करतात. दागिन्यांत प्लॅटिनमचा सर्रास वापर विसाव्या शतकात सुरू झाला. कृत्रिम माणिक तयार करण्याची व्हर्नॉय यांची पद्धत १९०२ साली जाहीर झाली. जपानमधील संवर्धित गोल मोती १९२० नंतरच्या दशकात जगाच्या बाजारात पसरले. एखाद्या ‘बसरा’ म्हणविल्या जाणाऱ्या माळेत क्ष-किरण तपासणीने संवर्धित मोती आढळले, तर ते मोती तरी त्यापूर्वी ओवलेले नाहीत. येथेही ‘ते मोती’ असे म्हटले आहे, ‘ती माळ’ असे नव्हे. कारण माळा पुनःपुन्हा ओवल्या जातात, तुटलेला फासा बदलला जातो आणि हरवलेल्या खड्याच्या जागी नवा बसतो. दुरुस्तीच्या जागी डाख वेगळ्या रंगाचा दिसतो. तो दिसताच, त्या भागावरून मूळ कारागिराविषयी अनुमान करण्याचे थांबवावे.

वजनाचा प्रश्नही या संदर्भात उल्लेखनीय आहे. २०० मिलिग्रॅमचा दशमान कॅरट इंग्लंडात १९१४ साली लागू झाला. तत्पूर्वीचा इंग्रजी कॅरट सुमारे २०५ मिलिग्रॅमचा होता. जुन्या बिलातील १०० कॅरट आज सुमारे १०२.५ भरतात. हा फरक न जाणल्यामुळे ‘रत्न बदलले’ असा निष्कारण संशय येऊ शकतो.

कागदपत्रे व छायाचित्रे

यानंतर कागदांकडे वळावे. हैदराबादच्या कागदांत काळ ओळखण्याच्या काही खास खुणा आहेत. हिशेब बहुधा फसली सनात असत. हैदराबादच्या फसली सनात ५९० मिळविले असता इसवी सन येतो, आणि वर्षारंभ ऑक्टोबरात असल्याने पुढील जानेवारीपासूनच्या महिन्यांसाठी ५९१ धरावे लागतात. १३०० फसली म्हणजे १८९०-९१. जेकब हिऱ्याचा व्यवहार झाला तो सुमार. दरबारी कामकाजात १८८० नंतरच्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली. त्यामुळे कागदाची भाषाही काळाविषयी काही सांगून जाते. मराठवाड्यातील घराण्यांच्या जमाखर्चाच्या वह्या मोडीत असतात.

चलनही पाहावे. निजामाचे हाली सिक्का रुपये आणि इंग्रजी कलदार रुपये निरनिराळे होते. ७ हाली रुपये म्हणजे सुमारे ६ कलदार. बिल कलदारमध्ये असेल तर खरेदी मुंबई, मद्रास किंवा कलकत्त्याच्या पेढीकडून झाल्याचा संभव वाढतो. हालीमध्ये असेल तर स्थानिक व्यवहाराचा. वजन तोळ्यांत असेल तर १ तोळा म्हणजे १२ मासे, १ मासा म्हणजे ८ गुंजा आणि १ तोळा सुमारे ११.६६ ग्रॅम, या कोष्टकाने आजच्या वजनाशी ताडून पाहावे. वजन जुळले तर बिल याच दागिन्याचे असल्याचा तो चांगला पुरावा ठरतो.

घराबाहेरच्या साधनांत तारनाका येथील तेलंगण राज्याचे पुराभिलेखागार आणि हैदराबाद रेसिडेन्सीची दप्तरे जतन करणारे दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार ही दोन स्थाने प्रमुख होत. थॅकर यांच्या वार्षिक ‘इंडियन डिरेक्टरी’त शहरवार पेढ्यांची नावे व पत्ते आहेत. डबीवरील पत्ता कोणकोणत्या वर्षांच्या खंडांत येतो हे पाहिले म्हणजे काळ आणखी आवळता येतो. १९०२-०३ च्या दिल्ली प्रदर्शनाचा जॉर्ज वॉट यांनी तयार केलेला वृत्तांत आणि हेंडली यांचा १९०६ ते १९०९ या काळात प्रसिद्ध झालेला भारतीय अलंकारांवरील ग्रंथ, ही दोन्ही प्रादेशिक पद्धती ओळखण्यास उपयोगी पडतात.

छायाचित्रे हे हैदराबादचे विशेष भाग्य म्हटले पाहिजे. लाला दीनदयाळ यांनी सहाव्या निजामाच्या दरबाराची व सरदार-घराण्यांची असंख्य छायाचित्रे घेतली. त्यांची काचपटले इतकी स्पष्ट आहेत की गळ्यातील पदकाचे पदर मोजता यावेत. घरातील जुन्या छायाचित्रात दागिना दिसला तर त्या तारखेस तो त्या व्यक्तीकडे होता, एवढे सिद्ध होते. तो कोणी घडविला हे त्यावरून सिद्ध होत नाही. परंतु पुढे कोणता भाग बदलला हे मात्र नेमके कळते.

निष्कर्ष किती काढावा?

या शोधात सर्वांत मोठा मोह म्हणजे प्रसिद्ध नाव चिकटविण्याचा. त्यापासून दूर राहण्यासाठी निष्कर्षाच्या चार पायऱ्या मानाव्यात. ठसा व कागद दोन्ही जुळत असतील तर ‘अमुक पेढीचा’ म्हणावे. केवळ ठसा असेल तर ‘अमुक पेढीचा ठसा असलेला’ म्हणावे. केवळ घडण जुळत असेल तर ‘अमुक गावच्या पद्धतीचा’ एवढेच म्हणावे. केवळ घरातील सांगी असेल तर ‘घरात असे सांगतात’ म्हणून ती सांगणाऱ्याच्या नावानिशी लिहून ठेवावी. ‘हैदराबादी जडाव, एकोणिसावे शतक, फासा नंतरचा’ ही प्रामाणिक नोंद एखाद्या खोट्या प्रतिष्ठित नावापेक्षा अधिक उपयोगाची असते. कारण पुढचा अभ्यासक तिच्यावर काम करू शकतो.

घरी काय करावे?

दागिना उजळण्यास देण्यापूर्वी त्याची दर्शनी, पाठीमागची व फाशाची अशी तीन छायाचित्रे शेजारी मोजपट्टी ठेवून घ्यावीत. झिलईने ठसे पुसट होतात. जडावाचा नग गरम पाण्यात किंवा आम्लात कधीही टाकू नये. लाख मऊ होऊन खडे निखळतात आणि ओल शिरल्यास डाक काळा पडतो. मोडण्याचे ठरलेच, तर मोडण्यापूर्वी वजन, मापे व छायाचित्रे नोंदवावीत. घरातील वडीलधाऱ्यांना कोणत्या सोनाराकडे, कोणत्या लग्नात, कोणत्या गावी, असे प्रश्न विचारून उत्तरे तारखेसह लिहावीत.

शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ च्या कक्षेत येते. हा अधिनियम ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आहे. अशी वस्तू खासगी व्यक्तीस परदेशी पाठविता येत नाही आणि तिचा व्यापार करण्यास परवाना लागतो. आपला दागिना या वयाचा असल्याचा संभव असेल, तर विक्रीपूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात विचारणा करणे हिताचे.

शेवटी एक गोष्ट ध्यानात आणून द्यावीशी वाटते. भारतात सोन्याच्या दागिन्यांवर शुद्धतेची छाप २०२१ च्या जूनपासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली आणि प्रत्येक नगाला सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक मिळू लागला. त्यावरून विक्रेता, परीक्षण-केंद्र व शुद्धता कळते. कुंदन, पोलकी व जडावाच्या दागिन्यांना मात्र या सक्तीतून सूट देण्यात आली आहे. शिवाय छाप असलेल्या दागिन्यावरही कारागिराचे नाव नसते. म्हणजे आज चारकमानच्या परिसरात कोंदण करणाऱ्या जडियाची ओळखही शंभर वर्षांपूर्वीच्या जडियाइतकीच सहज पुसली जाऊ शकते. ती राखण्याचा उपाय ग्राहकाच्या हातात आहे. नवा दागिना घेताना घडविणाऱ्याचे नाव, गाव व तारीख बिलावर लिहून मागावी, आणि जुन्या दागिन्याविषयी जेवढे कळले असेल तेवढे एका कागदावर लिहून तो कागद वजनाच्या चिठ्ठीबरोबर डबीत ठेवावा.